कॅप्टनच्या शेडमधला चोर

आमच्या घरी खाद्याची चोरी होतेय, हे माझ्या नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा चोर कोण हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. तीस वर्षं संसार केल्यावर बाईला कुठे बोलायचं ते कळतं. त्याहून जास्त कळतं, कुठे बोलायचं नाही.

माझा नवरा झांबियातल्या लुआन्श्याच्या तांब्याच्या खाणीत माइन कॅप्टन होता. जमिनीखाली दोनशे माणसं त्याच्या शिटीवर चालायची. निवृत्तीनंतर खाणीने त्याला घड्याळ दिलं आणि हेल्मेट परत मागितलं. त्याने घड्याळ घेतलं, हेल्मेट दिलंच नाही. मी त्याला न्कांडूचे बाबा म्हणते, मुलगी लुसाकाला नर्स आहे तिच्या नावाने. बाकी अख्खी गल्ली त्याला कॅप्टनच म्हणते, आणि हाक ऐकली की अजूनही त्याची पाठ ताठ होते.

घरी बसून दोन महिन्यांत त्याने माझ्या स्वयंपाकघराची तीनदा तपासणी केली. मिठाचा डबा चुलीपासून किती लांब असावा हेही ठरवून दिलं. म्हणून त्याने परसात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड बांधायची म्हटल्यावर मी देवाचे आभार मानले. ऐंशी पिल्लं आली. शेड अशी नेटकी की पाहुणा आला तर त्याला घरात नाही, आधी तिकडे नेलं जाई. खाण्याची भांडी त्याने स्वतः केली होती. खाणीतला जुना पाइप उभा चिरून लांब पन्हळी काढल्या, त्यांना लोखंडी पाय वेल्डिंग केले आणि ते पाय सिमेंटमध्ये रोवले. पाणसळ लावून, एक सूतही इकडेतिकडे नाही. पिल्लं कापसाच्या बोंडाएवढी होती, त्यांना पन्हळ बरोबर पोचायची.

पिल्लं वाढली. पन्हळ होती तिथेच राहिली.

दुकानदार बा सिमुकोन्डे यांनी हिशोब सांगितला होता: चौथ्या आठवड्यात ऐंशी कोंबड्यांना एक पोतं पाच दिवस पुरतं. आमचं पोतं चौथ्या दिवशी संध्याकाळी झटकावं लागायचं. पहिल्या पोत्याला न्कांडूचे बाबा म्हणाले, कोंबड्यांना भूक चांगली आहे. दुसऱ्याला पोत्याची शिवण तपासली. तिसऱ्याला जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "या घरात चोर आहे."

घरात आम्ही दोघंच. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी घाईने "घराच्या आसपास" अशी दुरुस्ती केली.

आधी संशय उंदरांवर गेला. शेडभोवती सापळे लागले आणि त्यात त्यांचाच अंगठा सापडला. मग चिमण्यांची पाळी आली. मच्छरदाणी उसवून शेडच्या जाळीला शिवली, आणि आठवडाभर आम्हाला डासांनी फोडून काढलं. खाद्याच्या खोलीला खाणीतलं मोठं कुलूप बसलं, किल्ली गळ्यात. आंघोळीलाही काढत नसत. पहिली बॅच विकली, दुसरी आली, पोतं तरी चौथ्या दिवशी संपायचंच.

मग त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली.

पलीकडे अमाय जेरे राहतात. विधवा बाई, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठ्या, पूर्वेकडच्या, न्गोनी जमातीच्या. आम्ही बेम्बा. आमच्या आणि त्यांच्या पणजोबांनी कधीकाळी भाले घेऊन एकमेकांना पळवलं होतं. आता पळवापळवी उरली नाही, थट्टा उरली. न्गोनी माणसाने बेम्बाला काहीही बोलावं, बेम्बाने न्गोनीला काहीही बोलावं, अगदी मयताला गेल्यावरसुद्धा, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. अमाय जेरे आणि न्कांडूचे बाबा यांची दिवसाची पहिली चकमक कुंपणावर सकाळी सहाला व्हायची. ते विचारायचे, आज न्याहारीला उंदीर भाजले की उकडले? त्या म्हणायच्या, उंदीर निदान बिळात राहतो, तुम्ही माकडं खाता, ती तर तुमच्या चुलत्यासारखी दिसतात. एवढं झालं की दोघांचा दिवस बरा जायचा.

अमाय जेरेंकडे पाच गावरान कोंबड्या होत्या आणि एक तांबडा कोंबडा. तो कोंबडा अलीकडे असा सुटला होता की आरवताना त्याला मध्येच दम लागायचा. न्कांडूच्या बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी कुंपणाला खालून वरपर्यंत पत्रे ठोकले. मुंगीला वाट ठेवली नाही.

"कॅप्टन," पत्र्यावरून डोकं काढून अमाय जेरे म्हणाल्या, "आमचे लोक पुन्हा भाले घेऊन येणार असं कळलंय की काय तुम्हाला?"

"तुमचे लोक नाही, तुमचा कोंबडा."

"तो? त्याला स्वतःच्या अंगणातून चालत जायचं जिवावर येतं."

पत्रे लागून दोन आठवडे झाले. कोंबडा तसाच गोल. आमची पोती तशीच संपत होती.

आता खरं सांगते. मी रोज शेडमध्ये अंडी शोधायला थोडीच जात होते, ब्रॉयलर अंडी देत नाहीत. मी पाणी बदलायला जायची आणि बघायची. कोंबड्या मोठ्या झाल्या होत्या, पन्हळ त्यांच्या गुडघ्याशी आली होती. पन्हळ काठोकाठ भरलेली. कोंबडी मान खाली घालायची, चोच डावीकडे उजवीकडे झटकायची, आवडेल तो दाणा उचलायची आणि बाकीचे दहा बाहेर. दोघीतिघी तर सरळ पन्हळीत उभ्या राहून पायाने उकरायच्या, जणू जमिनीत किडे शोधतायत. खाली भुशावर पिवळा सडा. मग त्यावर विष्ठा, त्यावर नवा भुसा, आणि शनिवारी सगळं खरवडून पोत्यात.

मी बोलले का नाही? पहिल्या बॅचला एकदाच म्हटलं होतं, भांडी जरा कमी भरली तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. ते रागाचं पाहणं नव्हतं. मध्यंतरी काही काळ खाण बंद पडली होती, त्या वर्षाची गोष्ट आहे. न्कांडू सहा वर्षांची होती. हे दिवसभर काम शोधून घरी आले, तर ती रिकाम्या पातेल्यात बोट फिरवत बसली होती. तिला भूक नव्हती, तिचं जेवण झालं होतं, ती नुसती खेळत होती. मी हे कितीदा सांगितलं. पण तेव्हापासून यांना तळ दिसणारं भांडं बघवत नाही. साखरेचा डबा, पाण्याचा माठ, कोंबड्यांची पन्हळ, सगळं गळ्यापर्यंत भरलेलं लागतं. अशा माणसाला बायकोने काय सांगावं?

तर उंदीर झाले, चिमण्या झाल्या, शेजारीण झाली. उरले दुकानदार.

एका सोमवारी न्कांडूचे बाबा हेल्मेट घालून बाहेर पडले. हेल्मेट घातलं की मला धडकी भरते. चर्चमधून ताणकाटा मागून आणला आणि भर दुकानात, सात-आठ गिऱ्हाइकांसमोर, बा सिमुकोन्डे यांना सांगितलं, माझी पोती कमी भरतात, मोजून दाखवा. बा सिमुकोन्डे शांत माणूस. त्यांनी एक पोतं काट्याला लावलं. पन्नास किलो, वर पोत्याचं वजन. दुसरं लावलं, पन्नास. तिसरं यांनीच कोपऱ्यातून निवडून काढलं. तेही पन्नास. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गेले आणि दोर आपल्याच गळ्यात पडला. दुकानदाराने वरून कोकाकोला पाजला, ते जास्त लागलं. यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि चालत घरी आले.

त्या दिवशी जेवले नाहीत. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "ही बॅच गेली की शेड मोडतो. दोनशे माणसं सांभाळली, ऐंशी कोंबड्या सांभाळता येत नाहीत."

मी दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना हे अमाय जेरेंना पत्र्यावरून सांगितलं. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. थोडा वेळ आपल्या कोंबड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, रविवारी प्रार्थनेनंतर दोघं जेवायला या.

रविवारी गेलो. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा होती, भोपळ्याच्या पानांची दाण्याचा कूट घातलेली भाजी होती आणि मधोमध मोठ्या वाडग्यात रस्सा. तांबडा कोंबडा अंगणात दिसत नव्हता, तेव्हा तो कुठे असेल ते कळलंच. अमाय जेरेंनी गुडघ्यावर बसून न्कांडूच्या बाबांच्या हातावर पाणी घातलं आणि कोंबड्याच्या पोटातला पेटा त्यांच्या ताटात वाढला. पेटा घरच्या कर्त्या माणसाचा मान. पाहुण्याला दिला म्हणजे त्याहून मोठा मान नाही.

हे विरघळले. रस्सा ओरपत म्हणाले की उंदीर खाणाऱ्यांच्या हाताला एवढी चव असेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, "कोंबड्याला काय घालत होता हो? मांस बघा, लोण्यासारखं आहे."

अमाय जेरे उठल्या. आतून एक बशी आणली, वर दुसरी पालथी घातलेली. यांच्यासमोर ठेवून वरची बशी उचलली.

"त्याच्या गळ्याच्या पिशवीत हे निघालं. ओळख पटते का बघा."

बशीत ओले, फुगलेले, पिवळट दाणे होते. ब्रॉयलरचं खाद्य. न्कांडूच्या बाबांनी एक दाणा चिमटीत धरला, उजेडात पाहिला, आणि त्यांचा चेहरा विजयाने फुलला.

"म्हणजे तुमचाच कोंबडा चोर. मी म्हणत होतो."

"तुमच्या पत्र्यावरून उडी मारून गेला?"

यांनी मान वळवून पत्र्याची उंची पाहिली.

"खालून भुयार काढून गेला? खाणीत होता का तो तुमच्या हाताखाली?"

मला हसू आवरेना, मी हात तोंडावर धरला. यांच्या हातातला दाणा तसाच.

"कॅप्टन," अमाय जेरे आता हळू बोलत होत्या, "दर शनिवारी माझ्या भाजीच्या वाफ्याला खत म्हणून शेडमधला भुसा कोण आणून देतं? दोन पोती. स्वतःच्या खांद्यावर. मी नको म्हटलं तरी कोण देतं?"

"मी," हे म्हणाले.

"आणि त्या भुशात काय असतं, कधी पाहिलंत? माझ्या कोंबड्या आधी आपला वाटा वेचतात, मग खत वाफ्याला जातं. तुम्ही चोर शोधत सगळं गाव फिरलात आणि चोरीचा माल स्वतः पाठीवर घेऊन मला पोचता करत होतात. बेम्बा लोक उदार असतात हे मी ऐकून होते. इतके असतील असं नव्हतं वाटलं."

कोण हरलं ते उघड होतं, पण न्कांडूच्या बाबांनी रागवायचं नाही हा नियम पाळला. त्यांनी पेटा उचलला, सावकाश चावून खाल्ला, आणि म्हणाले की भुशात थोडंफार सांडतंच, त्याने पोतं संपत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

"मग उद्या मोजू," अमाय जेरे म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या आपली जुनी चादर आणि सूप घेऊन शेडमध्ये आल्या. चादर पन्हळींखाली अंथरली. न्कांडूचे बाबा पालथ्या बादलीवर बसले, कुणी लबाडी करू नये म्हणून. लबाडी कोण करणार होतं, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कोंबड्या खाताना पाहिल्या. आतापर्यंत ते भरायचे आणि निघून जायचे. आता बसून पाहत होते, चोचा कशा झटकतात, पाय कसे उकरतात. दुपारी मी भाजलेलं कणीस घेऊन गेले तर त्यांनी एका कोंबडीकडे बोट केलं. "ती बघ, पांढऱ्या शेपटीची. सकाळपासून सहा वेळा पन्हळीत उभी राहिली. माझ्या खाणीत असती तर काढून टाकली असती."

संध्याकाळी चादर गोळा केली. अमाय जेरेंनी सुपात घेऊन पाखडायला सुरुवात केली. भुसा आणि पिसं उडाली, घाण त्यांनी बोटाने वेचून टाकली, आणि दाणे सुपाच्या तळाशी उरले. पुन्हा पाखडलं, पुन्हा उरले. घमेल्यात ओतून चर्चच्या काट्याला लावलं, काटा अजून परत केला नव्हता. अडीच किलोला थोडं कमी. एका दिवसाचं.

यांनी घमेलं पुन्हा एकदा काट्याला लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला रिकामं भांडं बघवत नाही म्हणून."

 अमाय जेरे एवढ्या बोलक्या बाई, पण त्या सूप घेऊन निमूट घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हातोड्याचा आवाज सुरू झाला. आपणच रोवलेलं सिमेंट न्कांडूचे बाबा आपणच फोडत होते, आणि ते इतकं पक्कं रोवलं होतं की दुपार झाली. पाय कापून टाकले. पन्हळी छताच्या वाशाला साखळ्यांनी टांगल्या, म्हणजे कोंबड्या वाढतील तशी एकेक कडी वर घेता येईल. किती वर, यावर कुंपणापाशी वाद झाला. अमाय जेरे म्हणाल्या, कोंबडी उभी राहिली की काठ तिच्या पाठीच्या रेषेत यायला हवा. तिला मान वर करून खावं लागलं की झटकता येत नाही. हे म्हणाले, पाठ प्रत्येकीची वेगळी. मग ते पट्टी घेऊन दहा कोंबड्यांच्या पाठी मोजत बसले. सरासरी काढली. वर पन्हळीवर लांबीने एक गज बसवला, उभं राहायला जागाच ठेवली नाही. पांढऱ्या शेपटीची तीनदा चढायला गेली, तीनदा घसरली आणि मग खाली उभी राहून सभ्य बाईसारखी खाऊ लागली.

हे सगळं त्यांना सोपं गेलं. हातोडा, साखळी, पट्टी ही त्यांची भाषा. अवघड होतं ते भरणं.

अमाय जेरेंनी सांगितलं होतं की पन्हळ तिसरा हिस्साच भरायची, जास्त वेळा भरायची, आणि मधून मधून कोंबड्यांना तळाची भुकटी चाटूनपुसून संपवू द्यायची. तोवर नवं ओतायचं नाही. भर दुपारच्या उन्हात तर नाहीच, तेव्हा त्या खात नाहीत, नुसत्या उधळतात. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला पन्हळ रिकामी होत आली. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापलेला. मी खिडकीतून पाहिलं, न्कांडूचे बाबा शेडच्या दारात खाद्याचं डबडं हातात घेऊन उभे. एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर.

"कॅप्टन, डबडं खाली ठेवा," पत्र्यावरून आवाज आला. "मी मोजतेय."

"तुम्ही आपलं उंदीर मोजा," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. डबडंही हातातच होतं.

मी हात पुसले आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.  पन्हळीचा तळ दिसत होता, घासून चकचकीत झालेला. शेवटच्या दोनचार कोंबड्यांनी भुकटी टिपली. मग एकेक करून सगळ्या पाण्याकडे गेल्या, प्यायल्या आणि भुशात पंख पसरून बसल्या. कुणी ओरडलं नाही. न्कांडूचे बाबा खाली वाकले, जवळची एक कोंबडी उचलली आणि तिला गळ्याच्या पिशवीपाशी बोटांनी चाचपलं. मग दुसरीला. मग पांढऱ्या शेपटीला.

"भरलीय," ते म्हणाले.

"मग."

"सगळ्यांची भरलीय." त्यांनी कोंबडी हळूच खाली ठेवली, आणि डबडं माझ्या हातात दिलं.

ते पोतं पाच दिवस पुरून सहाव्या दिवशी सकाळच्या खुराकालाही आलं. बॅच विकली तेव्हा कोंबड्या वजनाला आधीच्यांपेक्षा कमी नव्हत्या, उलट दोनचार जास्तच भरल्या. शेड मोडायचं नाव पुन्हा निघालं नाही. न्कांडूचे बाबा बा सिमुकोन्डे यांच्याकडे पुन्हा माफी मागायला गेले. पहिली घाईत झाली होती म्हणाले. माफी मागून झाल्यावर त्यांनी तिथे जमलेल्या गिऱ्हाइकांना पन्हळ कशी टांगावी यावर पाऊण तास भाषण दिलं. दुकानदाराच्या लक्षात आलं असावं की हा माणूस त्याचीच विक्री कमी करतोय, पण कोकाकोला त्याने तरीही पाजला.

अमाय जेरेंचं मात्र नुकसान झालं, हे मला उशिरा सुचलं. शनिवारच्या भुशात आता वेचण्यासारखं काही नसतं. त्यांच्या पाच कोंबड्या पुन्हा शेजारपाजारच्या कोंबड्यांसारख्या सडपातळ झाल्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना हे असं होणार, मग सांगितलं कशाला? त्या शेंगा सोलत होत्या.

"तुझ्या नवऱ्याने शेड मोडली असती तर तो दिवसभर घरात बसला असता," त्या म्हणाल्या. "मग आधी तुझं डोकं खाल्लं असतं, नंतर माझं. त्यापेक्षा एक कोंबडा गेलेला परवडला."

मग शेंगांकडेच बघत म्हणाल्या, "आणि गेल्या वर्षी आमचे हे गेले तेव्हा सगळे रडत होते. तुझा नवरा एकटा आला आणि पेटीसमोर उभा राहून म्हणाला, एक न्गोनी कमी झाला, आता आमचे उंदीर सुखाने राहतील. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले होते. माणसाला शेजारी असा एक लागतो गं."

हे मी न्कांडूच्या बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची पाठ महिनाभर ताठ राहिली असती.

आता चर्चच्या बायका कधी कधी शेड बघायला येतात. त्यांच्यात दोघीतिघींनी पन्नास पन्नास पिल्लं आणायचं ठरवलंय. हे त्यांना साखळीची कडी दाखवतात, पाठ मोजून दाखवतात, तळ दिसेपर्यंत थांबायचं कसं ते सांगतात, आणि शोध कुणाचा असं विचारलं की खोकतात. गेल्या बुधवारी असंच चाललं होतं. मध्येच त्यांनी भाषण थांबवलं, कुंपणाजवळ गेले आणि आवाज दिला की अमाय, मोकळ्या असाल तर सूप घेऊन या, या बायकांना पाखडून दाखवायला हवं, माझ्या हाताला ते जमत नाही.

मी चहाचं आधण वाढवलं.